हळदीचा दगड

खडकवाडी, वैरागनजीक
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८५१

आत्याबाईंस नमस्कार.

वर सौभाग्यवती लिहावं की आणखी काही, हेच मला माहीत नाही, म्हणून नुसतंच आत्याबाई लिहिलं. रागावू नये. मी विजयमाला. तुमच्या भावाची, आबासाहेब पाटलांची सून, जोतीरामांची बायको. माहेर करमाळ्याचं. चौथीपर्यंत शिकले आणि सासरी आल्यापासून ती चौथी ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवली आहे. आपण कधी भेटलो नाही. या घरात तुमचं नाव काढायची सोय नाही. तुम्हांला सोलापुरात शुक्रवार पेठेत दिलं आणि त्यानंतर तुम्ही माहेरचा उंबरा ओलांडला नाही, आईच्या मातीलासुद्धा आला नाही, एवढंच मला कळलं. बाकीचं रेवणप्पा बांगडीवाल्यानं सांगितलं. त्याला एक विचारलं की तो दहा सांगतो. मुलाच्या पुस्तकांवरून तुम्ही वाचायला शिकलात, हेही त्याच्याकडूनच कळलं, म्हणून हा धीर केला.

कारण तसं काळजीचं नाही. माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरतं आहे. आपल्या घराण्यात नव्या नवरीला हळद लावून खळ्यातल्या जुन्या पेवाच्या दगडावर बसवायचा मान आहे. मलाही बसवलं होतं. समोर हलगी कडाडत होती, आणि बायका म्हणत होत्या, हलू नको, उठू नको, आम्ही उठवू तेव्हाच ऊठ. पेवं माझ्या माहेरीही आहेत. जमिनीत खोल खड्डा, माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत कडबा लावून ज्वारी, तोंडावर दगड नि वर माती. पण आमच्याकडे त्यावर कोणी नवरी बसवत नाही. आता नवी जाऊ आली की मला विचारणार, बाई, हे कशासाठी? घरात विचारावं तर 'पहिल्यापासून आहे' म्हणतात. पहिल्यापासून म्हणजे कोणापासून? सासूबाई जायच्या आधी एकदा तापात बोलून गेल्या की पहिली रंभा बसली. रंभा म्हणजे तुम्ही, म्हणून तुम्हांला विचारते.

उत्तर रेवणप्पाजवळ तोंडी दिलंत तरी चालेल. पोस्टानं मात्र पाठवू नये. पोस्टाचा माणूस सगळी पत्रं मामंजींच्या हातात देतो.

तुमची सून,
विजयमाला


खडकवाडी
मार्गशीर्ष वद्य सप्तमी

आत्याबाई,

मागच्या पत्रात मी दिराच्या लग्नाचं लिहिलं ते खोटं. मला दीरच नाही. तुमच्या भावाला एकच मुलगा झाला, तो माझा नवरा. तुम्हांला एवढ्या वर्षांत काय माहीत असणार, म्हणून मी दडपून दिलं. खरं लिहायची भीती वाटत होती. भ्याले की माझी जीभ आणि लेखणी दोन्ही सैल सुटतात, असं आई म्हणायची. आणि सुटली की आधी थापा मारते.

रेवणप्पानं सांगितलं की तुम्ही पत्र दारातच उभ्यानं वाचलंत, घडी केलीत आणि एवढंच विचारलंत, 'दगड अजून तितंच हाय का?' तो व्हय म्हणाला तशी तुम्ही दार लावून घेतलंत. बांगड्यासुद्धा पाहिल्या नाहीत, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तर आता खरं लिहिते. वैरागचा रस्ता लोकलबोर्ड सरळ करतं आहे. साहेबाची माणसं आली, साखळी धरून मोजलं, आणि आपल्या खळ्याच्या मधोमध, त्या दगडापासून हातभर अंतरावर, खुंट ठोकून गेली. संक्रांत झाली की खणायला टोळी येणार. मामंजी बार्शीला जाऊन आले, अर्ज करून आले, कोणाच्या तरी ओळखीनं साहेबाला भेटून आले. काही झालं नाही. तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं आहे. पानावर बसतात, अर्धी भाकरी मोडून उठतात, आणि खळ्याच्या भिंतीशी जाऊन उभे राहतात. जमीन जाणार म्हणून असेल, असं मी आधी समजत होते. पण वेशीकडचं चांगलं वावर त्याच रस्त्यात गेलं, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

आता त्यांनी ठरवलं आहे की टोळी यायच्या आत ते पेव साफ करून घ्यायचं. ह्यांनी विचारलं, 'आबा, ते तर रिकामंच हाय म्हणता, मग साफ काय करायचं?' मामंजी म्हणाले, 'जुना भुसा असंल, हाडकं असत्याल कुत्र्यामांजराची. सरकारी माणसांपुढं घाण नगं.' गावातला कोणी गडी लावायचा नाही असंही म्हणाले. 'परका माणूस बरा.'

परका माणूस आयताच मिळाला. या साली आपल्या वावरात धनगरांची मेंढरं बसवली आहेत. सांगोल्याच्याही पलीकडचे, जतच्या अंगाचे लोक. आपसांत कानडी बोलतात. त्यांतला थोरला धुळाप्पा. पस्तिशीचा असेल, उंच, कमी बोलणारा. त्याची बायको मायाक्का माझ्याकडे ताकाला येते. बाई तोंडानं फटकळ आहे, पण माझ्या कस्तुराला, म्हणजे माझ्या लेकीला, तिनं लोकरीचा गोंडा करून दिला, म्हणून मला ती आवडते.

मामंजींनी धुळाप्पाला बोलावलं तेव्हा मी ओसरीमागं ताक घुसळत होते. ते म्हणाले, 'दगुड काढला की लगीच उतरायचं. उघडं ठिवायचं न्हाई. पाटीभर जुंधळा देतो.' धुळाप्पा बरं म्हणून गेला.

आत्याबाई, माझ्या हातातली रवी थांबली. आमच्या करमाळ्यात शेंबड्या पोरालाही कळतं की पेव उघडलं की दिवसभर, रात्रभर उघडं ठेवायचं. आत वाफ कोंडलेली असते. तिला रंग नाही, पण माणूस उतरला की उभ्याचा आडवा होतो. दुसऱ्या दिवशी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर जवळही जायचं नाही. एका गावात एक उतरला, पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, असं अख्खं घर गेलेलं मी लहानपणी ऐकलं आहे. मामंजींचा सगळा जन्म शेतीत गेला. त्यांना हे ठाऊक नाही असं कसं म्हणू? आणि ठाऊक असून ते असं बोलले असतील तर काय म्हणू? हे लिहिताना मला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं.

ह्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, 'आबा म्हणतेत त्यात कायतरी असंल की. तू यात पडू नगंस.' माणूस वाईट नाही हो तुमचा भाचा. पण बापापुढं त्याच्या तोंडाला कुलूप बसतं, आणि किल्ली बापाच्या कमरेला.

काल जेवताना मामंजी आपणहून मला म्हणाले, 'करमाळ्याला जाऊन ये की चार दिस. कमलाभवानीचं दर्शन घे.' सहा वर्षांत मी रडून मागितलं तरी ज्यांनी पाठवलं नाही, ते आता पाठवायला निघाले आहेत. मी हसून हो म्हटलं. ट्रंक मात्र बांधलेली नाही.

त्या दगडाखाली काय आहे ते तुम्हांला माहीत आहे. नसतं तर दार लावून घेतलं नसतंत. मला सांगा. एका माणसाचा जीव जायची वेळ आहे.

विजयमाला


खडकवाडी
मार्गशीर्ष वद्य एकादशी

आत्याबाई,

तुमचा निरोप पोचला. 'माणूस उतरवू नका म्हणावं.' बस, एवढाच. का उतरवू नका ते नाही, कोणाला सांगू ते नाही. रेवणप्पा म्हणाला, तुम्ही दार बोटभर उघडून बोललात आणि लगेच कडी लावलीत. मी समजू शकते. पण आत्याबाई, एवढ्या निरोपावर मी मामंजींना कशी अडवू? सून उठून सासऱ्याला म्हणणार का, शुक्रवार पेठेतून हुकूम आला आहे?

म्हणून मी गोजाबाईला गाठलं. आठवते का तुम्हांला? वेशीबाहेरच्या वस्तीतली, हलगीवाल्याची बायको. आता म्हातारी झाली आहे, नवरा मागंच वारला. खळ्याच्या भिंतीच्या आत यायची तिला अजून परवानगी नाही. मी शेणाची पाटी घेऊन भिंतीपलीकडं गेले आणि गोवऱ्या थापता थापता विचारलं, माझ्या हळदीत तुझ्या मालकानं वाजवली नाही, परगावचा हलगीवाला आणावा लागला, हा आजारी आहे म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी तर वैरागला बाजारात दिसला होता. ते का? ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, 'त्या दगडाफुडं त्येनं यकदाच वाजीवली. मागनं कुनी पाय धरलं तरी गेला न्हाई.'

मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. तुम्हांला ठाऊक आहे ते मी तुम्हांलाच का सांगते आहे, असं म्हणाल. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

'मोटा दुस्काळ व्हता. तुजा आजेसासरा सरकाराला म्हनला, आमच्याकडं दाना न्हाई. आन खळ्यातलं पेव निम्म्याच्या वर भरल्यालं. गाव पाला खात व्हतं. तवा तिकडनं धनगर आलं, तिगं भाव. मेंढरं मरून गेल्याली. म्हाताऱ्या पाटलानं त्येंला म्हनलं, दानं काढून द्या, पाटी-पाटी देतो, गावात बोलायचं न्हाई. उघडं ठिवलं तर वास सुटतो, गाव गोळा हुतं, म्हून उघडल्या-उघडल्या उतरीवलं. पयला उतरला तो बोललाच न्हाई. त्येला काढाया दुसरा. मग तिसरा. आन तेवढ्यात वेशीकडनं हाळी आली की कचेरीची मानसं दाना हुडकाया आल्याती, मागं समदं गाव हाय. पाटलानं दगुड सरकीवला. वर माती, वर घोंगडं. रंभाला हळद फासली आन बशीवली. तिचं लगीन ठरल्यालं व्हतं, पर हळदीला अजून लई दिस व्हतं. आमच्या मानसाला म्हनला, वाजीव. मी सांगुस्तवर थांबायचं न्हाई.'

मी विचारलं, 'थांबायचं का न्हाई?'

'खालनं दगडाला हात लागत व्हता की गं बाई.'

माझ्या हातातलं शेण तसंच राहिलं. गोजाबाई म्हणाली, 'रंभा लई रडत व्हती. लोक म्हनलं, म्हायेर सुटतंय म्हून रडती पोरगी.'

पुढचं मीच जुळवलं. कचेरीची माणसं गेली, पण गाव विचारू लागलं, पाटील, पेवावर हळद कशी? म्हातारे म्हणाले, आमच्या घराण्याचा मान आहे. एकदा मान म्हटला की पाळावा लागतो. पुढच्या साली सासूबाई या घरात आल्या, त्यांना बसवलं. मग चुलतसासूबाई. मग मी. तुमच्या बापाचं एक खोटं टिकवायला एवढ्या बायकांनी हळद लावून घेतली, आणि मी तर त्या दिवशी मिरवत होते. माझ्या माहेरच्यांनी फोटो काढायला माणूस आणायचं म्हटलं होतं.

शेवटी मी विचारलं, 'दगड म्हाताऱ्यानं एकट्यानंच सरकवला?' गोजाबाईनं हात झटकले. 'त्यो दगुड यकट्याला हलतोय व्हय? दोगं लागत्यात.' दुसरा कोण, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या वेळी घरात दुसरा कर्ता पुरुष एकच होता.

आता ऐका. मामंजींनी येळवशीचा दिवस धरला आहे. तुम्ही पेठेत राहता, पण येळवस विसरला नसाल. अमावस्येला सगळं गाव आंबील-भज्जीची मडकी डोक्यावर घेऊन रानात जेवायला जातं. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. ते, हे आणि धुळाप्पा असे तिघेच खळ्यात राहणार. मी मडकं घेऊन रानात जायचं आहे. करमाळ्याला गेले नाही म्हणून माझी तेवढ्यावर बोळवण केली आहे.

मला मायाक्काला सांगायला हवं. सांगितलं तर हे घर उभं राहत नाही. मामंजी मला हाकलतील, किंवा हाकलणार नाहीत, जे मला जास्त भीतीचं वाटतं. पदरात पोर आहे. माहेरी भावजय आहे, तिचं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही ते बरं. आणि नाही सांगितलं, तर धुळाप्पा त्या तोंडातून आत जाईल, आणि बाहेर राहून मी भज्जी वाढत असेन.

आत्याबाई, तुम्ही या. सोलापूरहून वैरागपर्यंत मोटार आहे, तिथून मी बैलगाडी पाठवते, ह्यांना काहीही सांगून. तुम्ही नुसत्या खळ्यात येऊन उभ्या राहिलात तरी मामंजी थांबतील. जगात त्यांना भीती वाटावी असं माणूस तुमच्याखेरीज कोणी नाही. अमावस्येच्या आत या.

विजयमाला


खडकवाडी
पौष शुद्ध तृतीया

आत्याबाई,

तुम्ही आला नाहीत. मी वाट पाहिली. बैलगाडी वैरागला रिकामी जाऊन रिकामी आली, गाडीवानाला मी पेंड आणायला सांगितली होती, तेवढी पेंड आली. मला तुमचा राग आला, तो अजून थोडा आहे. पण आधी झालं ते सांगते.

येळवशीला मी मडकं घेऊन निघाले. आधी आपल्या वावरातल्या कडब्याच्या कोपीकडं जायचं, आत मांडलेल्या पाच पांडवांची पूजा करायची, आणि मग उरलेलं धनगरांना द्यायचं, अशी रीत. मी सरळ धनगरांच्या वाघरीकडं, मेंढरं कोंडायच्या जाळीकडं गेले. पांडवांना त्या दिवशी उशीर झाला. ते समजून घेतील. मायाक्का एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. मी वाडग्यात आंबील ओतली, तिच्या हातात दिली आणि एका दमात सगळं सांगितलं. आधी वाफेचं, मग तीन भावांचं.

ती ओरडली नाही. तिनं आंबिलीचं वाडगं खाली ठेवलं, सांडू नये म्हणून त्याच्याभोवती माती दाबली, आणि विचारलं, 'कंच्या दुस्काळात?' मी सांगितलं. मग ती म्हणाली, 'माजी सासू कुक्कू लावून मेली. चुडा फोडला न्हाई तिनं. म्हनायची, नवरा आन दोगं दीर वैरागाकडं गेल्याती, जित्ती हायती का मेल्याती कुनी सांगितलं न्हाई, मग मी चुडा कसा फोडू? मरताना लेकाला म्हनली, हुडीक. तवापासनं आमी दरसाल ह्या मुलखात मेंढरं घालतो. दर साली यगळं गाव. औंदा तुमचं धरलं.'

मामंजींनी सगळ्या मुलखातून परका माणूस शोधला, आणि नेमका त्या तीन भावांतल्या एकाचा मुलगा शोधला.

ती धुळाप्पाकडं गेली. खळ्यात जायला तो निघतच होता. दोघं कानडीत बोलली. मला त्यातला एक 'अप्पा' तेवढा कळला. धुळाप्पानं डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं, आणि काठी घेतली. मग ते सगळेच निघाले, बायका, मेंढरं, कुत्री. मी पोरीला काखेत मारून मागं धावले. पळून कुठंतरी लपावं असं फार वाटत होतं. पण लपायचं कुठं, ते सुचलं नाही.

खळ्यात मामंजी पहार घेऊन उभे होते, आणि हे दोर घेऊन. एवढी माणसं पाहून मामंजी म्हणाले, 'तुला यकट्याला बलीवलं व्हतं.' धुळाप्पा म्हणाला, 'दगुड काढू की पाटील. पर उद्यापातूर उघडा ऱ्हाऊ द्या. वाफ असती.' मामंजी म्हणाले, 'रिकाम्या पेवात वाफ कसली? सांगितलं तेवढं कर.' धुळाप्पा हलला नाही. मामंजींची नजर माझ्यावर आली. तशी नजर मी कधी पाहिली नव्हती, आणि पुन्हा पाहायची नाही. मी कस्तुराचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं.

तेव्हा हे बोलले. 'आबा, घाई कशाची हाय?' एवढंच बोलले, आणि तेही दोराकडं बघत. पण जन्मात पहिल्यांदा बोलले. मामंजींच्या हातातली पहार खाली टेकली.

दगड ह्यांनी आणि धुळाप्पानं मिळून काढला. वास आला. तुमच्या बापाला ज्याची धास्ती होती तेच झालं. वाऱ्यानं वास रानात गेला आणि जेवण टाकून गाव आलं. कंदील सोडला, तो विझला. धुळाप्पानं सगळ्यांना तो विझलेला कंदील दाखवला आणि तिथंच बसकण मारली. तो पुढं उठला तो दुसऱ्या दिवशी, कंदील तळाशी जळत राहिला तेव्हाच. हे दोर धरून उभे राहिले आणि तो उतरला.

दोघे तळाशी होते, कुजून माती झालेल्या ज्वारीत. तिसरा तळाशी नव्हता. तो वर होता, पेवाच्या तोंडाच्या आतल्या खोबणीत पाय रोवून, दगडाच्या अगदी खाली. त्याच्या गळ्यात पितळी ताईत होता. तसाच धुळाप्पाच्या गळ्यात आहे. मी याहून जास्त लिहीत नाही. तुम्हांला जे माहीत आहे ते मला लिहायचं नाही, आणि जे मला दिसलं ते तुम्हांला दाखवायचं नाही.

मायाक्कानं सगळ्या गावासमोर मामंजींना विचारलं, 'वर कोन व्हतं?' सकाळपासून ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं ते मामंजी म्हणाले, 'रंभा. माजी बहीन. ती बसली व्हती.' आणि थांबले. भिंतीपलीकडून गोजाबाई म्हणाली, 'आन दगुड कुनी सरकीवला, पाटील?' मामंजी घरात निघून गेले. त्या खोलीचं दार अजून लागलेलं आहे. मी भाकरी उंबऱ्यावर ठेवते आणि थाळी परत आणते. फौजदाराला कळवायचं काम गावच्या पाटलाचं, आणि पाटील तेच, म्हणून अजून कोणी कळवलेलं नाही. हे म्हणतात की उद्या ते स्वतः बार्शीला जाऊन सांगणार. मी म्हटलं, जा. त्यानंतर काय होईल त्याची मला भीती वाटते, ती वाटतेच आहे.

आता मुख्य गोष्ट. मी तुमचा पत्ता मायाक्काला दिला आहे. तुम्हांला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही दार लावलं असतंत. हे पत्र आणि मायाक्का रेवणप्पाबरोबर उद्याच्या मोटारीनं येतील. पत्र त्याच्या हातून आधी आत येईल, ती दारात उभी असेल.

ती भांडायला येत नाही. मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तुम्ही सोळा वर्षांच्या होतात, बापानं धरून बसवलं, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'मला ठावं हाय. मलाबी कुनी इचारून कुटं बशीवलं न्हाई.' तिला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तो वरचा माणूस शेवटी काय बोलत होता. हलगीच्या आवाजात ते दुसऱ्या कोणालाही ऐकू गेलं नाही. जवळ तुम्हीच होतात. धुळाप्पा तेव्हा आईच्या कडेवर होता; बापाचा एक शब्द त्याच्याजवळ नाही.

तुम्ही म्हणाल, मला काय कळणार? तो माणूस मराठी बोलणारा नव्हता, असं मायाक्का सांगते. त्यांच्यात त्या काळी बाजारापुरतं सोडून कोणालाच मराठी येत नव्हतं. तुम्हांला त्यातलं काही कळलं नसेल. पण आत्याबाई, तुम्ही ते विसरला नाहीत. विसरला असतात तर आईच्या मातीला आला असतात. तेव्हा अर्थ लावत बसू नका. जसं कानावर पडलं तसंच तिच्यासमोर म्हणा, तोडकंमोडकं, जेवढं येईल तेवढं. तिला कानडी येतं.

दार उघडा.

विजयमाला